साल झालं, राहता का जाता?

आमचे घरमालक काकाजी पाडव्याच्या सकाळी दाराशी येत. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात साखरेच्या गाठ्या. दाराकडे पाठ नाही आणि तोंडही नाही, असे आडवे उभे राहत, अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहत आणि विचारत, "साल झालं. राहता का जाता?" आपण म्हणायचं, "राहतो." मग एक गाठी हातात पडायची आणि काकाजी पुढच्या दाराशी. चार खोल्यांची चाळ, चार बिऱ्हाडं, चारही दारांतून एकच उत्तर. त्यांची पाठ वळली की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायची. नवी नवरी होते, हसायला काही कारण लागत नसे.

हा प्रश्न भाडेकरूला विचारायचा नसतोच. तो सालगड्याला विचारतात. आमच्या भागात शेताचा गडी वर्षाच्या बोलीवर ठेवतात आणि ते वर्ष पाडव्याला संपतं. त्या सकाळी मालक विचारतो, राहतोस का जातोस. गडी 'राहतो' म्हणाला आणि मालकानं मान डोलावली की पुढचा पाडवा येईतो बोली पक्की. काकाजींनी हा प्रश्न जन्मभर ऐकला होता, पण पायरीच्या खालून. नेरकडच्या एका गावात ते सालगडी होते. मालकाच्या गोठ्याला लागून एक खोपट, त्यात ते आणि काकू. काकूंचं म्हणे एकच मागणं होतं. डोळे मिटायच्या आधी आपल्या मालकीच्या छताखाली चूल पेटवायची. दुसरं काही त्या बाईनं मागितलं नाही, असं काकाजी सांगत.

यवतमाळला मी लग्न होऊन आले, तेव्हा नुकतंच मध्य प्रदेश जाऊन मुंबई राज्य आलं होतं. हे कचेरीत कारकून. चाळ तेव्हा एका शेटजींची होती आणि त्यांना ती विकून नागपूरला जायचं होतं. इकडे काकाजींच्या वाट्याची बरड जमीन सरकारनं रस्त्यासाठी घेतली आणि पैसे हातात आले. कापसाच्या बाजारात कुणी तरी त्यांना अक्कल दिली : चार खोल्यांचं घर घ्या, एकीत राहा, तिन्हींचं भाडं खा, म्हातारपणाची ददात नाही. काकाजींनी चाळ घेतली ती बैल घ्यावा तशी. आधी लांबून पाहिली. मग भिंतींवर थापा मारल्या, जोत्याशी बसून दगड चाचपले, एकदा पावसात येऊन कौलं कुठे गळतात ते पाहून गेले. सगळं पाहिलं. आत राहणारी माणसं तेवढी पाहायची राहिली. शेटजींनी आम्हां चौघांसकट चाळ विकली, आणि भाडेकरू कायद्यानं सहजी निघत नाही हे काही बोलले नाहीत. काकाजींनी विचारलंही नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. पाडव्याला सगळ्यांचंच साल संपतं. चारातला एखादा तरी जाईलच.

त्या पहिल्या पाडव्याला मी पुरण वाटत होते. दारात गुढी उभी होती. बैलगाडी येऊन थांबली. तीत काकू, एक जातं, दोन-चार भांडी आणि झाकल्या टोपलीत एक कोंबडी. काकाजींनी चारही दारांशी जाऊन विचारलं आणि चारही ठिकाणी लोकांनी काही न कळून 'राहतो' म्हटलं. आम्हाला काय ठाऊक, हा माणूस आमच्या उत्तरावर बायकोला गाडीत बसवून आलाय ते! कळलं असतं तरी उत्तर तेच होतं. तेव्हा यवतमाळात खोली मिळणं म्हणजे देव भेटणं. कुठे जाणार होतो?

काकू गाडीतून उतरल्या. माझ्या दाराशी येऊन त्यांनी विचारलं, "सूनबाई, चूल कोन्या अंगाले हाय?" मी दाखवली. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता वाकून पाहिलं. "चांगली हाय. उजेड येते," म्हणाल्या. चाळीच्या टोकाला टिनाची उघडी सपरी होती, तिथं तूर्त राहू, असं काकाजी सुचवत होते. काकूंनी मान हलवली. उघड्यावर जन्म काढला, आता पुन्हा उघड्यावर नाही. जातं उतरवून सपरीत ठेवायला लावलं आणि त्याच गाडीनं त्या भावाच्या गावी गेल्या. पुढच्या पाडव्याला येते म्हणाल्या.

काकाजी सपरीतच राहिले. सालगडीपण सोडून आले होते, परत कोणत्या तोंडानं जाणार? एक बाज, एक कंदील. घर त्यांचं आणि छताखाली आम्ही. बरं, आमच्यावर राग नाही, बोलणं नाही. पावसाळ्यापूर्वी आमचीच कौलं शाकारायचे. मला म्हणाले, जातं नुसतं पडून राहू देऊ नको, दळत जा. मी दळत असे. महिन्या-दोन महिन्यांनी ते मेहुण्याच्या गावी जाऊन येत. काय म्हणाल्या काकू, असं विचारलं की ठरलेलं उत्तर : "कोनी गेलं का, म्हने." एवढं सांगून बाजेची दोरी ओढायला लागत.

शेवटी ह्यांनाच राहवलं नाही. कचेरीतला माणूस, वाट ठाऊक होती. स्वतः राहायला खोली पाहिजे असा अर्ज करा, भाडेकरू काढायची परवानगी मिळेल, आमच्याच खोलीसाठी करा हवा तर, मी लिहून देतो, असं त्यांनी काकाजींना सांगितलं. मी आतून ऐकत होते आणि ह्यांचा असा संताप आला! पोटात पोर, आणि नवरा आपल्या हातानं घर सोडवायला निघालेला. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "राहतो म्हनल्यावर काढत नसते जी. मले काढलं होतं एका मालकानं, अर्ध्या सालात. बुढी बाळंतीन होती." त्यावर ह्यांनी पुन्हा विषय काढला नाही. काकूंचं ते बाळ पुढे जगलं का, हे मी कधी विचारलं नाही. काकाजींना मूल नव्हतं एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

पाडवे येत राहिले. माझी मुलगी झाली, चालायला लागली, गाठीसाठी काकाजींची वाट पाहू लागली. प्रश्न तोच, उत्तर तेच. हसणं केव्हा बंद झालं ते आठवत नाही.

मग एका पौषात काकू गेल्या. काकाजी दिवस करून परत आले ते डोकं भादरून. चारही दारांशी गेले, तसेच आडवे उभे राहिले आणि त्याच आवाजात सांगितलं, "बुढी गेली." मी भाकरी थापत होते. अगं बाई, असं म्हटलं, आणि भाकरी करपेल म्हणून ती उलटली. रडू आलं नाही. काकाजींच्याही डोळ्यांत काही नव्हतं. त्यांनी फडा घेतला, अंगण झाडलं, तुंबलेली नाली मोकळी केली. चाळीत दिवस रोजच्यासारखाच गेला. माझ्या आत काही तरी बधिर झालं होतं. रात्री दळायला बसले तर हात फिरत होता आणि पीठ पडत होतं, एवढंच.

त्याच फाल्गुनात ह्यांची वणीला बदली झाली. पाडव्याला आमचं सामान बांधून पडलं होतं. काकाजी आले. धुतलेलं धोतर, पटका, गाठ्या.

"साल झालं. राहता का जाता?"

"जातो, काकाजी," हे म्हणाले. "वणीला बदली झाली."

इतक्या वर्षांत त्या चाळीत हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. काकाजी वळले. पहिल्यांदाच त्यांनी आमच्या दाराकडे सरळ तोंड केलं, आत पाहिलं आणि चुलीच्या कोपऱ्याशी त्यांची नजर थांबली. तिथं उजेड आला होता.

"आता कायले जाता जी," ते म्हणाले. "आता राहा."

गाठी राहणाऱ्याला द्यायची असते, तरी त्यांनी ती मुलीच्या हातात दिली आणि पुढच्या दाराशी गेले. तिथंही तसंच विचारलेलं मला ऐकू आलं.

आम्ही गेलो, तरी त्या खोलीत ते राहायला गेले नाहीत. आठवड्याच्या आत एका नव्या जोडप्याला दिली. त्या जोडप्यातली मुलगी पुढे मला एका लग्नात भेटली. जातं काकाजींनी स्वतः उचलून तिच्या चुलीशेजारी आणून ठेवलं होतं, दळत जा म्हणाले होते. भाड्याचं काही बोलले नाहीत, असं तिनं सांगितलं. फक्त जाताना म्हणाले, "पाडव्याले विचारीन."