फिलोच्या खजुराच्या बिया

सहा आठवडे झाले. वसईहून फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. फोन माझ्या लेकीनं, सुजातानं घेतला आणि भिंतीला टेकून अशी रडू लागली, की मला कळलंच... फिलो गेली. आमच्या बहरीनच्या बिल्डिंगमधली वरच्या मजल्यावरची फिलोमिना, हॉस्पिटलातली नर्स, सुट्टीवर गावी गेलेली. आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिलं काय आलं? मी गेल्यावर ही पोरगी एवढी रडेल का?

हसू नका, जळायचेच मी तिच्यावर. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं मिळेल ते वाचून शिकले. सुजाता इंग्रजी शाळेतली. मी मराठीत विचारावं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं. ती दहा वर्षांची असताना शाळेत रोमन आकडे निघाले. "आई, रोमन लोक बेरीज कशी करायचे?" कधी नव्हे ते मला विचारलं! हरखून मी सत्तावीस आणि अठराची अक्षरं एकाखाली एक मांडली, हातचा धरायला गेले... अक्षराचा हातचा कसा धरायचा हो? दोन पानं खोडली. तेवढ्यात ड्युटीवरून येताना फिलो डोकावली.

"कागद ठेव गं शकू. ते कागदावर करतच नव्हते!" माझ्याच परातीत पीठ पसरून तिनं बोटानं तीन घरं आखली, दहाचं, पाचाचं, एकाचं. ताटलीतल्या खजुराच्या बिया घेतल्या. सत्तावीस म्हणजे दहाच्या घरात दोन, पाचाच्या घरात एक, एकाच्या घरात दोन. अठराच्या बियाही त्यांतच टाकल्या. एकाच्या घरात पाच झाल्या की उचलायच्या, पाचाच्या घरात एक ठेवायची. तिथल्या दोन उचलून दहाच्या घरात एक. उरल्या दहाच्या चार, पाचाची एक. पंचेचाळीस! रोमन लोक खडे मांडून असंच करायचे म्हणे, अक्षरं नुसती उत्तर लिहायला.

सुजाता तिच्या गळ्यातच पडली. "फिलो आंटी, यू आर अ जीनियस!" मी परात उचलून पीठ, बिया सगळं केराच्या डब्यात ओतलं. "खलास! मला स्वयंपाक करायचाय." फिलोनं डब्यात हात घालून बिया वेचल्या, धुतल्या आणि ती त्या घेऊन गेली. पुढं सुजाताचं गणित वरच्याच मजल्यावर झालं.

गेल्या आठवड्यात फिलोचं सामान बांधताना बिस्किटांच्या डब्यात त्या बिया सापडल्या. सुजाता म्हणाली, "आई, ही ट्रिक तुझीच आहे."

"माझी?"

"बुद्धपौर्णिमेला खिरीच्या वाट्या तू चिंचोक्यांनी मोजतेस ना, पाच झाले की उचलून एक बाजूला? आंटी म्हणायची, रोमन लोक तुझ्या आईसारखेच."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"आंटीचं नाव काढलं की तू चिडायचीस..."

तो डबा मी सामानात ठेवला नाही, घरी आणला.

परवा फिलोच्या आठवणीत बिल्डिंगमधल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. माणसं मोजायला मी त्याच बिया घेऊन बसले. मन कुठं होतं कुणास ठाऊक, सहावीही त्याच ओळीत ठेवली. मागून सुजाता म्हणाली, "पाच झाल्या की उचलायच्या गं." हुबेहूब फिलोचा सूर. माझे डोळे भरून आले... आणि त्या भरल्या डोळ्यांनीही मी जळलेच.