ऐकल्याबगैर अंगठा नाही

लोकांचे अर्ज लिहून देणारे गुंडेराव अर्जनवीस कुणाचाही अंगठा घेण्याआधी त्याला अख्खा कागद वाचून दाखवत. निजामाच्या राज्यात अर्ज उर्दूत, आणि अर्ज करणाऱ्याला उर्दूचं अक्षर कळायचं नाही. म्हणून समोरचा माणूस घरात जी बोली बोलतो त्या बोलीत, मराठीत, तेलुगूत नाहीतर कानडीत, ते तो कागद ओळीनं सांगत. मग म्हणत, "आता काय कळलं ते तुम्ही सांगा." त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं तरच शाईची डबी उघडायची. एकेका अर्जाला अर्धा दिवस जाई आणि कंटाळलेली माणसं हळूच माझ्याकडे सरकत. कचेरीबाहेरच्या लिंबाखाली माझी बैठक त्यांना लागूनच होती. मी नवशिका, त्यांच्या या खुळावर माझं पोट भरत होतं म्हणा ना!

"ऐकल्याबगैर अंगठा नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. देगलूरच्या अंगाला असलेल्या आमच्या तालुक्यात पोराटोरांनाही ते पाठ होतं. अंगात कोपरावर ठिगळ लावलेली शेरवानी, पण सही मात्र नवाबी. शेवटच्या अक्षराला असा झोकदार फाटा काढत की मी म्हणे, "गुंडेराव, आवरा, हैद्राबादला पोचेल." ते हसून म्हणत, "अंगठा देवानं दिला रे, सही मी कमावली."

इंग्रज गेले. शेजारच्या वऱ्हाडात तिरंगा चढला आणि आमच्याकडे मात्र दवंडी, की हे राज्य वेगळंच राहणार. लिंबाखाली रोज वाद पेटे. मी तावातावानं बोलायचो, ते टाक पुसत ऐकायचे. एकदा म्हणाले, "मुल्क कुणाचा हे तू ठरवू नको अन् निजाम हुजूरनंही ठरवू नये. एकेकाला इचारा, त्याच्या बोलीत इचारा. समजून हाव म्हणला तर तो त्याचा मुल्क. बाकी सगळी जबरदस्ती." मला तेव्हा ते भित्रेपणाचं वाटलं. तरणं रक्त होतं, दुसरं काय वाटणार?

मग त्यांचा पोरगा वसंता नांदेडला निजामाविरुद्धची पत्रकं वाटताना पकडला गेला. आठ दिवसांनी कचेरीतल्या पेशकारानं, म्हणजे मोठ्या कारकुनानं, गुंडेरावांना आत बोलावलं. लेंडी नदीपलीकडच्या एका गावाचा कागद हवा होता: आम्ही सुखात आहोत, राज्य वेगळंच राहावं, आणि वऱ्हाडातल्या छावणीत जाऊन दंगा करणारी पोरं आमची नव्हेत. खाली साऱ्या गावाचे अंगठे. कागद आला की पोरगा घरी.

दुसऱ्या दिवशी मी मदतनीस म्हणून त्यांच्याबरोबर त्या गावच्या चावडीत होतो. गुंडेरावांनी कागद पसरला आणि एकदम शाईची डबी उघडून माझ्या हातात दिली. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पोशव्वा पुढं झाली. ती विधवा होती, घरात तेलुगू बोलणारी. तिचा एकुलता एक नागनाथ निजामाविरुद्ध लढायला छावणीत गेलेला. गावाला ठाऊक होतं, पण कुणी बोलत नसे.

"मुन्शी, आज वाचून न्हाई दावत?"

"नेहमीचाच आहे, बाई." त्यांनी मान वर केली नाही.

"तू म्हंतूस तर आसंल," असं म्हणून तिनं अंगठा टेकवला. डबी माझ्या हातात होती. मला कागद ठाऊक होता आणि मी गप्प बसलो. ते आजही मला सलतं.

वसंता घरी आला. महिनाभरानं नागनाथ आईला भेटायला आला, तो लेंडीच्या काठावर निजामाच्या शिपायांची गोळी लागून पडला. प्रेत मागायला पोशव्वा कचेरीत गेली. पेशकार सगळ्यांदेखत म्हणाला, "असली पोरं आमची नव्हेत, हे तूच लिहून दिलंस. हा तुझा अंगठा."

"खोटं हाय," ती ओरडली. "तसलं आसतं तर मुन्शीनं वाचून दावलं आसतं!"

लिंबाखाली आम्हा दोघांना शब्द न् शब्द ऐकू आला. गुंडेरावांच्या हातातला टाक तसाच राहिला. प्रेत तिला मिळालं नाही. शिपायांनी ते परस्पर जाळलं.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, कचेरीवर तिरंगा चढला. मी नाचून दमलो होतो तेव्हा गुंडेराव म्हणाले, "चल, एक कागद वाचायचा राहिलाय."

पोशव्वा अंगणात अंबाडी निवडत होती. कागद जवळ नव्हता, पण त्यांना तो तोंडपाठ होता. त्यांनी तो तेलुगूत, तिच्या बोलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. एक शब्द गाळला नाही. तिनं ऐकून घेतलं. मग कुणी न विचारताच काय कळलं ते सांगितलं, "म्हंजे म्या म्हन्लं, नागू माझा न्हाई."

गुंडेराव रडत होते. अंबाडी बाजूला सारून ती म्हणाली, "तुझं लेकरू आलं न्हवं घरी?"

"आलं."

"लिही मग."

त्यांनी कागद काढला आणि अडले. जन्मभर प्रत्येक कागदाच्या डोक्यावर हुजूरची बिरुदं लिहिलेली. "कुणाच्या नावानं लिहू, बाई?"

"कुनाच्याबी न्हाई. नागनाथ पोशव्वाचा हाय, येवढंच लिही."

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, डबी उघडून तिच्यापुढं धरली. तिनं हात पदराखाली घेतला. "म्या एकडाव दिलाय. आता तू दे."

ते सहीसाठी टाक उचलू लागले.

"सही न्हाई, मुन्शी. अंगठा."

त्यांनी शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला.

त्यानंतर त्यांनी बैठक मांडली नाही, आणि सहीही केली नाही. कुठंही कागद आला की अंगठा पुढं करत. मरणाच्या थोडं आधी पोस्टात मनिऑर्डर घ्यायला मी त्यांना धरून नेलं होतं. तिथला नवा कारकून परगावचा. म्हाताऱ्याचा अंगठा पाहून त्यानं फॉर्म आपल्याकडे वळवला आणि मायेनं विचारलं, "आजोबा, आधी वाचून दाखवू का, काय लिहिलंय ते?"

काठी बाजूला ठेवून गुंडेराव म्हणाले, "दाखव, बाबा. सगळं दाखव."