चार इंजेक्टर आणि पाच मिनिटं

कसं सांगू आणि कुठून सांगू, हेच कळत नाहीये. खरं तर हे मी कुणाला सांगणारच नव्हते. पण आमच्या सासूबाई ज्या वेगाने ही हकिगत गावभर वाटत सुटल्यात, ते बघता ती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी. चहा घ्या. आणि हसू आलंच, तर कपात बघून हसा.

आम्ही राहतो माणला. जिथे आमच्या आप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, ऊस उभा असायचा तिथे आता काचेच्या इमारतींतल्या कंपन्या उभ्या आहेत. उरलेल्या जागेत आप्पांनी खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. बैल गेले, औतं गेली, आणि त्या सगळ्यांवरची माया आप्पांनी एकाच वस्तूवर जमा केली: आमची डिझेलची गाडी. रोज सकाळी ते तिला असे पुसतात, की वाटावं आता वैरणही टाकतील. त्यांच्या स्वतःच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ती चालवायची तर अर्ज करावा लागतो. मला मात्र लागत नाही. कारण माझ्याकडे चिमी आहे.

चिमी माझी मुलगी, दीड वर्षाची. ती झोपत नाही. म्हणजे कमी झोपते वगैरे नाही हो, ती झोपेच्या तत्त्वतः विरोधात आहे. डॉक्टर म्हणतात, वजन छान आहे, काळजी करू नका. काळजी करू नका हे वाक्य माझ्या एका कानातून आत शिरतं आणि दुसऱ्या कानापर्यंत पोचेस्तोवर त्याची काळजी झालेली असते. मी एम.एस्सी. आहे. बाळाच्या झोपेवर जे जे म्हणून वाचण्यासारखं आहे ते मी वाचलंय. त्यातलं काहीही चिमीने वाचलेलं नाही.

मग एक दिवस शोध लागला. चिमी गाडीत झोपते!

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली, की मी तिला मागच्या सीटवर तिच्या खुर्चीत बांधायची आणि निघायची. घोटावड्यावरून पौड, पौडवरून पुढे धरणाच्या पाण्याच्या कडेने. तो रस्ता काय सांगू तुम्हाला! दोन्ही अंगाला भाताची खाचरं, त्यांचा तो कोवळा गोड वास, पाण्यावर पडलेली डोंगरांची सावली. मी आपली तिसऱ्या गिअरमध्ये, कुणी ओव्हरटेक केलं तर त्याला मनातल्या मनात आशीर्वाद देत. चिमीची मान हळूहळू कलायची.

पाण्याच्या काठी, रस्त्यापासून बरंच आत, एक मोठं जांभळाचं झाड आहे. तिथे मी गाडी उभी करायची. इंजिन मात्र बंद करायचं नाही. बंद केलं की चिमी जागी. हँडब्रेक ओढायचा, पुन्हा एकदा ओढायचा, खिडक्या चार बोटं खाली, दारं लॉक. आणि मग पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं, डोकं मागे टेकवून नुसतं समोर बघत बसायचं.

त्या पाच मिनिटांसाठी मी उरलेला दिवस काढत होते. इंजिनची ती संथ घुरघुर, सीटचा हलका कंप, पानांतून बॉनेटवर सांडणारं ऊन. पाणी हळूहळू जवळ येतंय असं वाटायचं, अगदी चाकांपर्यंत. पांढरे बगळे यायचे आणि आरशावर बसायचे. एकदा तर पाण्यावरून एक बैलगाडी निघाली होती, अगदी सावकाश, आणि तीत माझी शाळेतली मैत्रीण बसलेली. मी घरी येऊन हे आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलंही. त्या म्हणाल्या, "पान्यावरनं बैलगाडी कशी जाईल गं?" मी म्हटलं, काठावरून गेली असेल. इतकं सुंदर काही दिसत असताना माणूस बारकावे बघतो का?

तर असं सगळं छान चाललेलं असताना गाडी बिघडली.

आधी सुरू होताना खोकायला लागली. मग उभी असली, की नको तितकी थरथरायला लागली. मागून काळा धूर. आणि डिझेल तर इतकं झपाट्याने संपायला लागलं, की आप्पा टाकीत वाकून बघायला लागले. मग आम्ही गेलो पौडला बशीरभाईंच्या गॅरेजमध्ये. बशीरभाई म्हणजे आप्पांचे कुस्तीच्या काळातले दोस्त. आवाज असा, की समोरच्या माणसाशी बोलताना पलीकडच्या चौकालाही निरोप मिळतो. त्यांनी बॉनेट उघडलं, कान लावला आणि जाहीर केलं, इंजेक्टर!

इंजिनमध्ये डिझेलची बारीक फवारणी करणारे चार इंजेक्टर असतात. बशीरभाईंनी चौघांना चार नळ्या लावल्या, नळ्यांना चार छोट्या बाटल्या, आणि इंजिन सुरू केलं. ज्या बाटलीत डिझेल जास्त जमेल तो इंजेक्टर आतून झिजलेला. ओळीने लटकलेल्या त्या चार बाटल्या बघून मला उगाच भरून आलं. तीन बाटल्या शहाण्यासारख्या वागल्या. चौथी जरा जास्तच भरली.

निकाल असा. तिघांवर नुसती काजळी, मशिनवर धुतले की चकाचक. चौथा मात्र कुंपणावर. धुऊन सुधारेल किंवा नाही. धुवायचे तर सकाळी गाडी द्या, संध्याकाळी घेऊन जा. बदलायचे तर माल शहरातून येणार, आठवडाभर गाडी गॅरेजमध्ये.

आठवडाभर! आठवडाभर चिमी झोपणार कशी? मी लगेच म्हटलं, धुवा. आणि पुढच्याच क्षणी डोळ्यांपुढे आलं, घाटातल्या धुक्यात गाडी बंद पडलीय, मागून ट्रक येतोय, आणि माझी मुलगी... म्हटलं, बदला. सगळे बदला. आप्पा उसळलेच. कंपनीचं ओरिजिनल काढून बाहेरचं घालायला ते काही खुळे नव्हते. मग मी म्हटलं, बरं, तीन धुवा, एक बदला. मग वाटलं, बिचाऱ्या एकट्या नव्या इंजेक्टरला तीन जुन्यांशी जुळवून घेता येईल का? हे माझ्या लग्नाच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं, पण असो.

बशीरभाई माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आप्पांना विचारलं, की काजळी एवढी धरली कशानं? लांबचं पळणाऱ्या गाडीला अशी धरत नाही. नुसती उभी ठेवून तासन् तास इंजिन चालू ठेवलं, की धरते. कुणी ठेवतं का तसं?

आप्पा म्हणाले, "आमच्यात कोन ठेवतंय? डिझेल काय नळाला येतंय व्हय?"

आणि मी, अगदी छातीवर हात ठेवून, म्हणाले, "छे! मी तर रोज फिरवते तिला. पाच मिनिटं काय ती थांबते."

ठीक आहे, म्हणाले बशीरभाई. मग डिझेल जातं कुठं? गाडी चालते तेवढीच, आणि डिझेल संपतं दुप्पट?

आप्पांनी हनुवटी खाजवली. आणि तिथे, त्या गॅरेजमध्ये, उभ्या उभ्या त्यांना उलगडा झाला. चोरी!

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं शिक्षण आडवं आलं. पुरावा समोर असताना तो न मांडणं मला जमत नाही. मला आठवलं, आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारे पांडेजी परवाच अंगणातल्या नळाखाली एक लांब पारदर्शक नळी धूत होते. गाडीच्या अगदी शेजारी! आणि ती नळी तोंडात धरून त्यांनी फुंकलीसुद्धा होती. मी हे सांगितलं. आप्पांचा चेहरा असा झाला, की जमिनीचा व्यवहार करताना एजंटासमोरही झाला नसेल.

घरी पोचेपर्यंत पांडेजी चोर होते. संध्याकाळपर्यंत ते टोळीचे म्होरके झाले. आईंना आठवलं, की ते जिन्यातून फार हळू उतरतात. मला आठवलं, की ते मला नेहमी "भाभीजी, गाड़ी ठीक है ना?" असं विचारतात. त्यांना कशाला हवी आमच्या गाडीची चौकशी? पांडेजींकडे माशांची काचेची पेटी आहे आणि ती नळी तिच्यातलं पाणी बदलायची आहे, हे आमच्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण टोळी एकदा म्हटली, की मासे म्हणजे नुसता देखावा, असं आमचं एकमताने ठरलं.

आप्पांनी जिन्याखालूनच हाक मारून त्यांना सांगितलं, की महिनाअखेर खोली खाली करा. पांडेजी दाराशी उभे राहिले, हातात माशांच्या खाण्याची डबी. मला जरा वाईट वाटलं. पण काजळी, धूर, नळी, सगळं जुळत होतं ना!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चिमीला घेऊन निघाले. धुवायचे की बदलायचे, हे मी परतताना बशीरभाईंना सांगायचं होतं. सांगून गाडी तिथेच सोडायची, आणि आप्पा मला न्यायला येणार. म्हणजे तूर्तास ही शेवटची झोप. मी ठरवलं, जांभळाखाली पाच मिनिटं शांत बसून निर्णय घ्यायचा.

आता यापुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते मला नंतर दोन साक्षीदारांनी सांगितलं, तेही एकमेकांना थांबवत.

झालं असं, की आप्पांना एक शंका आली होती. अंगणात तर आपण दिवसभर बसलेलो असतो. मग हा पांडे डिझेल काढतो कधी? बहुधा त्याचा माणूस रस्त्यातच कुठेतरी गाठत असणार, आणि सूनबाईला पत्ता नाही. म्हणून आप्पा मोटारसायकलवर माझ्या मागे निघाले. पौडमध्ये बशीरभाईंना उचललं, कारण चोर अंगावर आला तर दोघं असलेले बरे. माझ्या तिसऱ्या गिअरच्या मागे राहणं म्हणजे पायी चालण्यासारखं होतं, असं बशीरभाई म्हणतात.

मी जांभळाखाली थांबले. ते दोघं करवंदीच्या जाळीमागे दबा धरून बसले. कुस्ती खेळलेले दोन म्हातारे, काट्यांत, श्वास रोखून.

चोर येईना. गाडी चालूच. ऊन सरकत होतं, जांभळाची सावली लांबत होती. आप्पांच्या पायांना मुंग्या आल्या. बशीरभाईंनी तंबाखू मळली, खाल्ली, पुन्हा मळली. गाडी चालूच. मागून काळा धूर. आणि मागच्या खिडकीतून चिमी, टक्क जागी, त्या दोघांकडे बघून टाटा करत होती. ती पाय हलवत होती, काहीतरी गात होती. तिला पहिल्यापासून ते दोघं दिसले होते. तिच्या दृष्टीने ती उत्तम दुपार चालली होती.

शेवटी आप्पा उठले आणि खिडकीपाशी आले.

मी त्या वेळी पाण्यावरच्या एका लाकडी पलंगावर होते आणि चारही इंजेक्टर पांढरे झगे घालून माझ्यापुढे बसले होते. मी त्यांना सांगत होते, की बाळांनो, माझा निर्णय झालाय. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बघते तर सासरे. मी पदर सावरायला गेले. अंगात कुर्ता होता.

"काय गं, किती येळ झाला हितं?"

"आत्ताच आले आप्पा. पाच मिनिटं झाली असतील."

आप्पांनी बशीरभाईंकडे पाहिलं. बशीरभाईंनी डोंगराकडे पाहिलं, जिथे सूर्य टेकायला आला होता.

"रोज अशीच पाच मिनटं थांबती का ताई तुमी?" बशीरभाईंनी विचारलं.

तुम्हाला सांगते, एखादी गोष्ट कळायला एम.एस्सी.ला जेवढा वेळ लागतो, तेवढाच लागला. दुपारी निघून संध्याकाळी घरी पोचायचे ती मी. आरशावर बसणारे बगळे. बैलगाडी. मैत्रीण! ती तर दुबईत असते.

चिमी गाडीत झोपत नव्हती हो. झोपत असेल दहा मिनिटं, फार तर. रोज दुपारी उभ्या गाडीत, चालू इंजिनवर, तासन् तास झोपत होते ती मी. डिझेल पीत होते ती मी. चारही इंजेक्टरांना काजळी फासली ती मी. आणि माझी मुलगी मागे बसून आईला राखत होती.

मला वाटलं, आता आप्पा ओरडणार. ते ओरडलेही. दाराच्या काचा खाली काय, रानात एकटी काय, पोर मागं जागी काय, सगळं ओरडून झालं, आणि ते सगळं खरंच होतं. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "घरी झोपत न्हाईस व्हय तू?"

मी मान हलवली.

आप्पांनी खिशातून फोन काढला. पांडेजींना लावला. आणि ज्या हिंदीत त्यांनी आयुष्यभर फक्त भाडं मागितलं होतं, त्या हिंदीत म्हणाले, "पांडेजी, खोली छोडनेका नहीं. आमची चूक हाय. हां. शाम को चाय पीने आनेका. मछली कैसी है?"

फोन खिशात गेल्यावर बशीरभाईंनी घसा साफ केला. मूळ प्रश्न राहिलाच होता ना! मशिन रिकामं होतं, शहरातला दुकानदार फोनची वाट बघत होता. धुवायचे की बदलायचे?

मी तोंड उघडलं, पण आप्पांनी हात वर केला.

"चारी धुऊन काढ बशीर. चौथाबी. बदलायचाच तर डायवर बदलायला लागंल."

ड्रायव्हर बदलला. बशीरभाई मोटारसायकल घेऊन गेले, गाडी उद्या सकाळी आणतो म्हणून आप्पांनी कबूल केलं, आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. मी मागे चिमीजवळ. तिच्या चेहऱ्यावर आता कुठे झोप दिसत होती. मनाशी ठरवलं, आता तरी आईसारखं वागायचं. घोटावडं येईपर्यंत थोपटून थोपटून हिला झोपवायचं.

घोटावडं कधी आलं ते मला माहीत नाही. माण आलं तेव्हा गाडीचं दार उघडलेलं होतं. आईंनी चिमीला कडेवर घेतलं होतं, अगदी टवटवीत, आणि त्या माझ्याकडे बघून आप्पांना विचारत होत्या,

"पोरीला न्हेते मी आत. पन हिला कोन उचलनार?"