भाऊसाहेबांनी नाकारलेलं ताक

आमच्या आण्याच्या पठारावर बिबट्यापेक्षा जास्त संशय लोकांनी भाऊसाहेबांचा घेतला, कारण ते कुणाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. वनखात्यात कंत्राटावर होते. बिबट्यानं शेळी-मेंढी मारली की पंचनाम्याला यायचे, तेही स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. "पाणी पीत न्हाई म्हंजी डाव मोठा असणार," असं माझे वडील, तात्या, म्हणायचे.

खरं तर भाऊसाहेबच जास्त संशयी. एकदा राजुरीत कुणीतरी त्यांच्या गाडीला काकड्यांची पिशवी अडकवली, तर हे दारोदार विचारत फिरले, "ही कुणाची? कशापायी अडकावली?" कुणीच कबूल होईना. शेवटी पिशवी मारुतीच्या पारावर ठेवली आणि कोण उचलतं ते लांबून पाहत राहिले.

आमच्याकडे मेंढवाड्यावर आलेल्या माणसाला ताक दिल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही. आमची मेंढी मेली तेव्हा भाऊसाहेब पंचनाम्याला आले, तसा आईनं तांब्या पुढं केला.

"न्हाई मावशी. कायम नोकरीवाल्यानं पिलं तर ते ताक. मी पिलं की लगेच लाच. मला दरसाल नोकरीची नवी ऑर्डर लागती."

"माज्या ताकात काय कालवलंय का?" आईला ते फार लागलं.

त्यात त्यांनी मेलेल्या मेंढीची मान उलटीपालटी करून पाहिली. "तात्या, दात कुठं लागल्यात? ही रोगानं मेलीया. बिबट्याच्या नावावर न्हाई लिवता येणार." भरपाई गेली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तात्या भाऊसाहेबांकडं बघत राहिले. त्यांचं ते बघणं मला काही बरं वाटलं नाही.

उन्हाळ्यात कळलं, भाऊसाहेबांची ऑर्डर पुन्हा निघालीच नाही. ते पैसे खातात, अशी कुणीतरी निनावी तक्रार केली होती. तेव्हापासून मी तात्यांकडे वेगळ्याच नजरेनं पाहतो. विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

मग एका दुपारी भाऊसाहेब आले, साध्या शर्टात, बाटलीशिवाय. आईनं आधी त्यांच्यामागं कुणी आहे का ते पाहिलं.

"आता काय पायजे, भाऊसाहेब?"

"ताक हाय का मावशी? आता मी कुणीच न्हाई. आता चालतंय."

उभ्या उभ्याच त्यांनी तांब्या रिकामा केला आणि पुन्हा पुढं धरला. आई पदरानं डोळे पुसत होती.

"तात्या कुठं दिसत न्हाईत?" निघताना त्यांनी विचारलं.

तात्या मेंढवाड्याच्या मागंच होते. आईनं हाका मारल्या, पण ते काही बाहेर आले नाहीत.