हॉर्न की पंखा? वीस वर्षांच्या गाडीतून जळगाव ते धुळे

जळगाव ते धुळे म्हणजे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. रस्ता चौपदरी, एसटी भरपूर, आणि आमच्या दारात नवऱ्याची नवी मोठी गाडीही उभी असते. तरी डिसेंबरातल्या एका शनिवारी मी आणि माझे सासरे, म्हणजे आबा, त्यांच्या वीस वर्षांच्या छोट्या गाडीतून निघालो. कारण त्या गाडीवर घरात खटला चालू होता.

आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ही गाडी घेतली. पंधरा वर्षांनी तिची नोंदणी एकदा वाढवून घेतली होती, ती मुदतही आता संपत आली होती. नवऱ्याचं, म्हणजे सुनीलचं, म्हणणं होतं की आता भंगारात द्यावी. डोळ्यांमुळे आबांना गाडी चालवता येत नाही, ती चालवते मी. पंचेचाळिसाव्या वर्षी मेहरूण तलावाकाठच्या रस्त्यावर आबांनीच मला शिकवली, आणि घरात माझ्या हाती दुसऱ्या कुठल्या गाडीची किल्ली कोणी देत नाही. थोडक्यात, गाडी भंगारात गेली असती तर पाठोपाठ आम्ही दोघं सोफ्यावर गेलो असतो.

शेवटी सुनीलने अट घातली. "धुळ्याला आत्याकडे जाऊन या. वाटेत मेकॅनिकचा हात लागला नाही, तर मी स्वतः आरटीओत येतो. लागला, तर विषय संपला."

"मंजूर," आबा इतक्या चटकन म्हणाले, की मलाच शंका आली.

तुम्हीही जुनी गाडी घेऊन निघणार असाल, तर आम्ही आदल्या दिवशी काय केलं ते सांगते. इंजिन थंड असताना कूलंट आणि ऑइल बघितलं. चारही टायर आणि स्टेपनीची हवा बघितली. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली. पाच लिटरचा पाण्याचा कॅन डिकीत टाकला. पेट्रोल मात्र मोजून भरू नका. आमची गाडी लिटरला चौदा किलोमीटर देते, पण तिचा पेट्रोलचा काटा मनाला येईल ते दाखवतो.

सकाळी आठला निघालो. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला तेव्हा काचा खाली होत्या आणि आबांच्या कानाला मफलर होता. एरंडोलला चहा घेतला. सत्तरच्या पुढे जायचं नाही, हे ठरलेलं होतं. उसाच्या ट्रॉल्या सोडल्या तर सगळं जग आम्हाला ओलांडून गेलं. एका दुधाच्या टेम्पोवाल्याने ओलांडताना आबांना हात केला, आबांनीही केला. ओळख कुणाचीच नव्हती.

चूक पारोळ्यात झाली. बाहेरून सरळ निघून जायचं सोडून, आबांना किल्ल्याजवळची भजी आठवली आणि आम्ही गावात शिरलो. पुढे दोन रिक्षा, एक बैलगाडी आणि लग्नाचा बँड. दहा मिनिटांत गाडी तीस पावलं सरकली आणि तापमानाचा काटा लाल रेघेकडे चढायला लागला.

"एसी बंद कर, हीटर पूर्ण लाव," आबा म्हणाले. इंजिनची उष्णता हीटर आत खेचून घेतो, म्हणजे आत आपण भाजतो आणि इंजिन जरा वाचतं. घामाघूम होत मी गाडी कशीबशी एका लिंबाखाली घेतली आणि बंद केली.

बॉनेट उघडलं. "रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस, वाफ तोंडावर येते," आबांनी बजावलं. अर्धा तास थांबलो. भजी खाल्ली. चांगली होती, पण माझा डोळा बॉनेटवरच होता.

समोरच एक गॅरेज होतं. त्याचे मालक रफिकभाई, साठीचे, पांढऱ्या दाढीचे, मघापासून हात पुसत आमच्याकडे बघत होते. शेवटी तेच उठून आले.

आबा बॉनेटसमोर आडवे झाले. "भाऊ, हात लावू नका."

रफिकभाई थबकले. "का हो, नवस केला आहे का?"

मी सगळी अट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "तोंड चालेल ना?"

"तोंडाबद्दल काही ठरलेलं नाही," आबा म्हणाले.

मग रफिकभाई बोलत राहिले आणि मी करत राहिले. गाडी सुरू करा. रेडिएटरचा पंखा फिरतो का बघा. फिरत नव्हता. बंद करा. बॅटरीशेजारची काळी पेटी उघडा. त्यात काडेपेटीच्या निम्म्या आकाराच्या डब्या दिसतात, त्यांना रिले म्हणतात. त्यातली पंख्याची डबी जळाली होती.

"नवीन माझ्याकडे नाही, धुळ्याला मिळेल," रफिकभाई म्हणाले. "पण हॉर्नची डबी सेम शे. ती काढून पंख्याला लावा. बोला ताई, हॉर्न की पंखा?"

एवढ्यात सुनीलचा फोन आला. शेजारच्या दुकानात ट्रॉलीचा पत्रा ठोकणं चालू होतं. आबांनी फोन घेतला.

"कसला आवाज येतोय?" सुनीलने विचारलं.

"भरीत कुटताहेत लाकडाच्या बडगीत. जेवायला थांबलोय," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

रफिकभाईंनी दाढीत हसू लपवलं. मी हॉर्नची डबी उपटली, पंख्याच्या जागी बसवली. पंखा भर्रकन फिरला आणि मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. पैसे त्यांनी घेतले नाहीत. "हात लावला नाही तर मजुरी कशाची?" म्हणाले. आबांनी त्यांना उरलेली भजी दिली.

महामार्गावर हॉर्नवाचून फार अडलं नाही. सावकाश डावीकडून चाललो. धुळ्यात शिरल्यावर मात्र आबांनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं. "ओ भाऊ, सरका जरासा. आम्हनी गाडीना गळा बठेल शे." लोक हॉर्नला हलत नाहीत, पण गाडीचा घसा बसलाय म्हटल्यावर हलले. एका दुचाकीवाल्याने तर पुढे होऊन चौक मोकळा करून दिला. वाटेत एका दुकानात नवी डबी मिळाली, तीही मीच बसवली.

देवपुरात आबांची थोरली बहीण, अक्का, ओट्यावर वाट बघत बसल्या होत्या. "आते बठ्ठं जग येई ग्ये, तू कथा होता?" सगळं जग येऊन गेलं, तू कुठे होतास, असं त्यांनी आबांना झापलं. मग वरण-बट्टी, वर तुपाची धार. संध्याकाळी दोघांना लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी नेलं. शहरापासून दहाएक किलोमीटर. वर चढायला तासभर धरा, आम्ही खालीच बसलो. अक्का पुढच्या सीटवर बसून उगाच हॉर्न वाजवून बघत होत्या.

तिथे सुनीलचा दुसरा फोन आला. या वेळी माझ्यावर.

"रिले मिळाला का?"

याला कसं कळलं? झालं होतं असं, की गाडी पोचल्याचं कळावं म्हणून रफिकभाईंनी आबांकडे नंबर मागितला होता. आबांना एकच नंबर पाठ आहे, मुलाचा. तोच त्यांनी दिला होता.

"उद्या या, मग बोलू," एवढंच सुनील म्हणाला.

परतीचा प्रवास अगदी सुरळीत झाला. मुकटीजवळ आबा म्हणाले, "हात लागला नाही, हे आपण कुठल्याही कोर्टात सिद्ध करू." मी हसले नाही. खोटं बोललो होतो, ते डाचत होतं.

सुनील फाटकात उभा होता. मी सगळं कबूल केलं, भरतासकट.

"त्या माणसाने मला पंधरा मिनिटं फोनवरून सोडलं नाही," तो म्हणाला. "म्हणाला, इंजिन खणखणीत आहे, वायरिंग तेवढं बघून घ्या. आणि म्हणाला, साहेब, आपण हात लावलाच नाही, बठ्ठं काम ताईंनी केलं. मी विचारलं, कोणत्या ताईंनी?"

आबा मफलर सोडत घरात निघून गेले. जाताना मला हळूच म्हणाले, "जिंकलो."

ते खरंच ठरलं. सुनील सोमवारी आरटीओत आला, वायरिंगही नवीन झालं. पण त्या प्रवासातलं माझ्याजवळ उरलं आहे ते परतलो त्या संध्याकाळचं. मी पायरीवर बसले होते. सुनील गाडीभोवती दोन फेऱ्या मारून बॉनेटपाशी थांबला. वीस वर्षांत त्याने ते एकदाही उघडलं नव्हतं.

"यात पाणी कुठून घालतात?" त्याने विचारलं.

"दाखवते," मी म्हटलं. "आधी गार होऊ दे."

तो पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसला.