खडीच्या कामावरचा सुभेदार

खर्ड्यात मनकर्णाला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक तिच्या हातची गोधडी आणि दुसरी तिची जीभ. गोधडीचा टाका जसा बारीक, तसाच बोलण्याचाही. ज्याला लागायचा त्याला घरी गेल्यावर कळायचं. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ झालं नव्हतं. दीर म्हणाला, "वहिनी, आता माहेरी जा." तेव्हा बाईने "माहेरच्यांना विचारून सांगते" म्हणून जी मुदत मागून घेतली, ती साठी उलटली तरी संपली नव्हती. दीर वाट पाहून पाहून स्वतःच जग सोडून गेला.

तिच्या घरात दुसरा जीव म्हणजे सुभेदार. हा बोका तिला किल्ल्याच्या पडक्या बुरुजाखाली सापडला होता, मुठीएवढा, डोळे चिकटलेला. किल्ल्यावरून आला म्हणून सुभेदार. मोठा झाल्यावर त्याने नाव राखलं. पहाटे पंजाने गाल दाबून मनकर्णाला उठवायचं, मग आळीचा दौरा. आळीतली सगळी शिंकी त्याच्या अंमलाखाली आली. शेजारच्या लंकाबाईच्या दुधावरची साय तर तो रोजच्या रोज वसूल करी आणि पुन्हा तिच्याच उंबऱ्यात बसून मिशा पुसे.

"मने, तुझ्या बोक्याच्या अंगावरचं निम्मं मांस माझ्या म्हशीचं हाय," लंकाबाई म्हणे.

"मग निम्मा कापून ने की गं. शेपटीकडचा घे, तिकडं केस जास्ती हायती," मनकर्णा सुई न थांबवता सांगे.

दोघींचं भांडण असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि दोघींपैकी एकीला जरी ताप आला तरी दुसरीला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

बहात्तर साली पाऊस पडलाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात तर आडाच्या तळाशी नुसता चिखल दिसायला लागला. टँकर यायचा, त्यावर बाया तुटून पडायच्या आणि घागरभर पाण्यात दिवस काढायचा. नेमक्या त्याच दिवसांत सुभेदाराला पाण्याचं वेड लागलं. जन्मभर ज्याने पाण्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तो वाटी चाटूनपुसून कोरडी करायचा आणि मग मनकर्णाकडे असा बघायचा, जसा काही वाढपी पंगतीत नेमका त्यालाच टाळून पुढे गेला. पुन्हा वाटी भरावी, पुन्हा रिकामी. खाण्यावरची वासना मात्र उडाली. पाठीचा कणा हाताला लागायला लागला, अंगावरचे केस राठ झाले, तोंडाला घाण वास यायला लागला.

आणि जितकं पाणी आत जाई तितकंच बाहेर येई. पाटलांच्या सुनेसाठी शिवलेली गोधडी तयार होऊन घडी घातलेली होती, सुभेदाराने तिच्यावरच कार्यभाग उरकला. मनकर्णाने ती धुवायची कशाने? दोन दिवस कडक उन्हात वाळवली, वरून कडुनिंबाचा पाला चोळला आणि पोचती करताना सांगितलं, "जरा उग्र वास येईल, पर गोधडीला कसर लागायची न्हाई." पाटलीणबाईंनी वर चार भाकरी दिल्या.

पण घरी आल्यावर तिला हसू आलं नाही. सुभेदार चुलीपाशी पोटात पाय घेऊन बसला होता. तिने हाक मारली तेव्हा त्याने कान हलवला, मान वळवली नाही.

गावाबाहेर गुरांची छावणी पडली होती आणि तिथे सरकारी जनावरांचे डॉक्टर येत. मनकर्णा बोक्याला पदराखाली घालून बैलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे एक लंगडा बैल, मागे एक खोकणारी म्हैस. नंबर आल्यावर डॉक्टरांनी वर न बघताच विचारलं, "काय आहे, गाय का बैल?"

"बैलच म्हना," मनकर्णा म्हणाली आणि पदर उघडला.

डॉक्टर तरुण होते. सकाळपासून शेणात हात घालून कंटाळलेही असतील. त्यांनी सुभेदाराला टेबलावर घेतलं, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, मग दोन्ही हातांच्या बोटांनी कमरेच्या वरच्या बाजूला हळूहळू चाचपलं. सुभेदाराने त्यांचा अंगठा चावला. तोंडात दात उरले नव्हते, त्यामुळे त्यांनी तो तसाच त्याच्या तोंडात राहू दिला.

"आजी, वय झालंय याचं. मूत्रपिंडं आक्रसून कडक झालीत. रक्तातली घाण त्यांना नीट काढता येत नाही, म्हणून सारखं पाणी पितो."

"औषीद?"

"बरं करणारं औषध नाही. पण सांभाळलात तर काही महिने काढील. पाणी अजिबात तोडू नका. मागेल तेव्हा, मागेल तेवढं द्या. खायला भाताची पातळ पेज, जमलं तर अंड्यातला पांढरा भाग. सुकट, बोंबील बंद. फार मीठ नको." बैलासाठी आणलेल्या सलाईनच्या बाटलीत थोडं उरलं होतं, ते त्यांनी सुभेदाराच्या कातडीखाली टोचलं. पाठीवर टेंगूळ आलं. परत जाताना मनकर्णाने ते सगळ्या रस्त्याने हाताने झाकून नेलं.

आता अडचण अशी, की सबंध तालुक्यात माणसं घोटभर पाण्याला महाग झालेली, आणि हिला सांगितलेलं, मागेल तेवढं पाणी द्या. त्यातून ती दिवसभर घरी नसे. गोधडी शिवून घ्यायची ऐपत कुणाला राहिली नव्हती, म्हणून तीही जामखेडच्या रस्त्यावर खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जाई. सकाळी भरून ठेवलेली वाटी दुपारच्या आत संपे. संध्याकाळी परत यावं तर सुभेदार रिकाम्या वाटीत तोंड घालून बसलेला.

कामावर मात्र पाणी होतं. मजुरांसाठी टँकर उभा असे. पण गहिनीनाथ मुकादमाचा हुकूम होता की प्यायचं तेवढं तिथंच प्यायचं, घरी थेंब न्यायचा नाही. आणि लेकुरवाळ्या बायांची तान्ही मुलं लिंबाखाली झोळ्यांत निजवलेली असत, त्यांना हवं तेव्हा पाणी मिळे. पाणी घरी नेता येत नाही ना, मग घर पाण्यापाशी न्यावं, असं मनकर्णाच्या मनात आलं.

मुलं सांभाळायचं काम मुकादमाने नेमकं लंकाबाईला दिलं होतं. मनकर्णा तिच्याकडे गेली ती मशेरीची डबी घेऊन. मनकर्णाच्या तव्यावरची मशेरी सगळ्या आळीत नावाजलेली, आणि भांडणामुळे लंकाबाईला ती कधी मागता आली नव्हती.

"काय पाहिजे?" लंकाबाईने डबीकडे बघत विचारलं.

"एक झोळी वाढली तर तुला जड न्हाई."

"कुनाची?"

मनकर्णाने सांगितलं. लंकाबाईने आधी कपाळाला हात लावला, मग झाकण उघडून वास घेतला.

"त्यानं माझं येवढं दूध खाल्लं, आन् आता मी त्याला जोजवू?"

"जोजवू नगं. निस्तं हलीव."

दुसऱ्या दिवसापासून लिंबाच्या फांदीला एक झोळी जास्त दिसायला लागली. सुभेदाराला मनकर्णाने जुन्या लुगड्याचं टोपडं शिवलं होतं, कान झाकतील असं, कडेला लाल गोट. आजारपणामुळे त्याला हलायचा उत्साह नव्हता, त्यामुळे तो दिवसभर शहाण्या बाळासारखा पडून राही. रडत नसे, म्हणून आयांना त्याचं कौतुक वाटे. लंकाबाई वाटीने पाणी पाजी आणि आजूबाजूला ऐकू जाईल असं म्हणे, "पी रं बाबा, पी. माझ्याच नशिबी आलास."

पाणी वाटणारा बाबाजान मात्र हुशार गडी. तो तिसऱ्यांदा त्या झोळीपाशी आला तेव्हा आत डोकावला, बराच वेळ बघत राहिला आणि मनकर्णाला जाऊन म्हणाला, "आक्का, तुमच्या नातवाला मिशा लई लवकर फुटल्या."

"आमच्या घरान्यातच हाय ते," मनकर्णा हातोडा खाली ठेवून म्हणाली.

बाबाजानने मान हलवली आणि त्या दिवसापासून तो त्या झोळीला पाणी जरा जास्तच द्यायला लागला. मनकर्णा स्वतःच्या तांब्यातलं अर्धं सुभेदारासाठी ठेवून देत होती, हेही त्याने पाहिलं होतं. मग तो तिचा तांब्या काठोकाठ भरायचा.

सगळं सुरळीत चाललं असताना एक दिवस जीप आली. मोठे साहेब तपासणीला आले होते आणि बरोबर मुलांची वजनं घ्यायला नर्सबाई. साहेब आधी तंबूत गेले. तिथे मजुरांना वाटायच्या सुकडीची पोती होती. उंदरांनी पोती कुरतडून खालून पिठाची धार लावलेली पाहून त्यांनी गहिनीनाथला चांगलं फैलावर घेतलं. तोवर नर्सबाईंनी लिंबाला काटा टांगला आणि एकेका मुलाला कापडात घालून वजन करायला सुरुवात केली.

लंकाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मनकर्णाकडे पदर हलवून खुणा केल्या. मनकर्णा खडीच्या ढिगाऱ्यावरून धावत निघाली, पण ती पोचेपर्यंत नर्सबाईंनी शेवटची झोळी सोडली होती. बाळ गुरफटून निजलेलं, म्हणून त्याला न काढता झोळीच काट्याला अडकवली, काट्यावरचा आकडा वाचला आणि काळजीने म्हणाल्या, "अगं बाई, किती हे वजन कमी. आई कुठाय याची?"

कापड हवेत हलल्यामुळे सुभेदाराला प्रथमच आपल्या अब्रूची जाणीव झाली असावी. तो कापडातून बाहेर पडला, धपकन जमिनीवर उतरला आणि टोपडं घातलेल्या अवस्थेत, जराही घाई न करता, तंबूतून नुकत्याच बाहेर आलेल्या साहेबांच्या बुटांना वळसा घालून पाण्याच्या बादलीकडे चालत गेला. काठावर पुढचे पाय टेकवून पाणी प्यायला लागला. सगळं काम थांबलं. त्याच्या जिभेचा लपलप आवाज तेवढा ऐकू येत होता.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

गहिनीनाथ लंकाबाईकडे बघायला लागला, लंकाबाई मनकर्णाकडे.

"मांजर हाय, सायेब," मनकर्णा म्हणाली. खोटं कुठपर्यंत ओढायचं हे तिला नेमकं कळत असे.

"मांजराला टोपडं?"

"ऊन लागतं त्याला. म्हातारं हाय, मूत्रपिंडं गेलीत. सरकारी दाक्तरानंच सांगितलंय, पानी तोडायचं न्हाई म्हून."

"बाई, हे पाणी माणसांसाठी आहे."

"व्हय. म्हून तर मानूस करून आनला."

नर्सबाईंनी तोंड फिरवलं आणि काटा उगाचच पुसायला घेतला. साहेबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. सुभेदाराची झोळी गेली तर तो घरी किती दिवस काढील, ते मनकर्णाला ठाऊक होतं. मग तिची नजर तंबूकडे गेली.

"सायेब, तुमच्या पोत्यांस्नी उंदीर लागलेत. ह्याला तंबूत ठिवा. काम करून पानी पिईल."

साहेबांनी सुभेदाराकडे निरखून पाहिलं. "किती उंदीर मारतो हा?"

"मारत न्हाई. दात पडलेत त्याचे. पर उंदरास्नी कुठं ठावं हाय?"

आता साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. एवढ्या वेळात त्यांनी आपलं हसू कुठेतरी ठेवून दिलं असावं. "मुकादम," ते म्हणाले, "याला तंबूत जागा द्या. पाण्याचं वेगळं भांडं ठेवा. आणि ते टोपडं काढा. कामावर शोभत नाही."

अशा रीतीने सुभेदार सरकारी नोकरीत लागला. बाबाजानने त्याच्यासाठी एक पसरट मातीचं भांडं आणलं. गहिनीनाथने त्याला रिकामी गोणी अंथरून दिली. पहिला आठवडा उंदीर खरंच फिरकले नाहीत. पण उंदीर काही वेडे नसतात. एक दिवस एक चांगला थोराड उंदीर सुभेदाराच्या शेपटीवरून चालत गेला, आणि सुभेदाराने नुसता एक डोळा उघडून पुन्हा मिटला.

तेव्हा लंकाबाईने मनावर घेतलं. मुलं निजली की ती काठी घेऊन तंबूत शिरे. इतकी वर्षं सुभेदारावर लाटणी फेकून तिचा नेम पक्का बसला होता. मारलेला उंदीर ती त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवी. एकदा तर तो मेलेल्या उंदरावर हनुवटी टेकून गाढ झोपला होता आणि गहिनीनाथ ते दृश्य पाहायला मजुरांना बोलावून आणत होता. "वय बघा, आन् मर्दुमकी बघा," तो सांगत होता. लंकाबाई शेजारी उभी राहून धापा टाकत होती.

"तुला का एवढी धाप लागली गं?" मनकर्णाने विचारलं.

"ऊन लई हाय," लंकाबाई म्हणाली.

सुभेदाराने सबंध उन्हाळा काढला. कधी चार दिवस बरा असे, पेज खाई, मनकर्णाच्या मांडीवर येऊन बसे. कधी नुसता उलट्या करी. मग ती चमच्याने त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून पाणी सोडी आणि अर्धं आत, अर्धं तिच्या लुगड्यावर सांडे. रस्त्याचं काम पुढे सरकलं तसा तंबू सरकला आणि तंबूबरोबर तोही. पुढे पाऊस झाला, काम बंद झालं, माणसं पेरणीला लागली. ज्वारी गुडघ्याएवढी झाली तेव्हा सुभेदाराने खाणं सोडलं. दोन दिवस तो दारातल्या ओल्या मातीवर पडून होता आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, मनकर्णा सुईत दोरा ओवत असताना, गेला.

बाबाजानने किल्ल्याच्या तटाखाली खड्डा खणून दिला. मनकर्णा कोरड्या डोळ्यांनी उभी होती. लंकाबाई मात्र अशी हुंदके द्यायला लागली, की वाटेने जाणारी माणसं थांबून कोण गेलं ते विचारायला लागली.

"मांजर माझं, आन् रडतीस तू," मनकर्णा चिडून म्हणाली. "लोक काय म्हनतील?"

"मग तू रड की," लंकाबाई नाक ओढत म्हणाली. "मी काय धरून ठिवलंय?"

मनकर्णाने तोंड वळवलं आणि मातीवर चार दगड नीट रचले, कोल्ह्याकुत्र्याने उकरू नये म्हणून. मग दोघी उतारावरून घराकडे निघाल्या. लंकाबाईला गुडघ्यामुळे उतरता येईना, तेव्हा मनकर्णाने तिचा हात धरला आणि तिच्या वजनाबद्दल घर येईपर्यंत बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी मनकर्णाचं दार उघडलं नव्हतं. लंकाबाई घाबरून कडी वाजवायला गेली. मनकर्णाने आतून दार उघडलं तेव्हा तिच्या गालावर गोधडीचे वळ उमटले होते.

"काय झालं गं?" लंकाबाईने विचारलं.

"काय न्हाई," मनकर्णा म्हणाली. "उठवायला कुनी आलंच न्हाई."

लंकाबाईने चुलीपाशी बसकण मारली आणि चहाचं आधण ठेवलं.