प्रणिताचं सिद्ध करणं अन् सुमनची वाटी

नाही बाई, नोकरी नाही सुटली तिची. लग्नासाठी स्थळं पाहाले बी आली नाही. माही लेक प्रणिता घरी बसून कामच करून राह्यली होती, फक्त ते काम दिसत नाही... सोयाबीनसारखा ढीग नाही पडत त्याचा.

सगळे विचारून राह्यले म्हणून एकदाच लिहून टाकते. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली. चुकलं तं पोरगी खाली कमेंटमधी सुधरवीन.

दवाखान्यात खाटेजवळ औषधाचं मशीन असते ना, थेंब थेंब सोडणारं... त्याच्या आतला प्रोग्राम चुकणार नाही, हे ती सिद्ध करते. चालवून पाहून नाही, गणितानं.

तिच्या बाबाच्या उशाशी असंच मशीन होतं. मशीनचं काई चुकलं नव्हतं. माणूस तरी बी गेला. पण पोरगी तवापासून याच कामाच्या मागं लागली, अन् मी तिले काहून म्हणून कधी विचारलं नाही.

त्या गणिताले सेपरेशन लॉजिक म्हणतात. मले तिनं वावरावरून समजावलं. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, इकडं आपलं, तिकडं भाऊजीचं. आपण आपल्या वावरात नांगर घातला तं भाऊजीच्या तुरीले धक्का लागत नाही, म्हणून तिकडं पाहायची गरजच नाही. कंप्युटरच्या मेमरीचे असेच वाटे पाडायचे, अन् एका वेळी एकाच वाट्याचं पाहायचं.

मी म्हणलं, "एवढ्यासाठी पुण्याले ठेवलं व्हय तुले? तलाठ्याजवळच बसवली असती."

हे सगळे नियम ती एका प्रूफ असिस्टंटमधी मांडून राह्यली होती. तो म्हणजे कंप्युटरातला तपासणारा. त्याच्यापुढं 'समजून घ्या' चालत नाही... एकेक पायरी दाखवा, नाहीतं तो नाही म्हणते. मी त्याचं नाव मामंजी ठेवलं. माहे सासरे असेच होते.

रोज चहा देताना विचारो, "काय म्हणतात मामंजी?"

"नाहीच म्हणतात आई."

बाकी सगळं झालं होतं, एकच जागा अडली होती. ती भरली तं जर्मनीतले लोक तिले तीन वर्षांसाठी बोलावणार होते. नाही भरली तं हे काम बंद, अन् ती वाशीमच्या कॉलेजात शिकवायले येणार होती. म्हणजे रोज संध्याकाळी घरी.

अशा जागी 'हे सध्या मान्य धरा' असं लिहून पुढं जाता येते म्हणे. मी म्हणलं, "मंग लिहून दे ना. कोण पाहते?"

तिनं मान वर केली नाही. "बाबाजवळच्या मशीनमधी कोणी असं लिहून सोडलं असतं, तं चाललं असतं तुले?"

मी कप उचलून आत गेली. मले चूप करणं सोपं नाही, माह्या जाऊले विचारा.

तीच जाऊ, सुमन, तिनं एक दिवस वाटीभर कढी पाठवली होती. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन प्रणिताच्या हातात देली, म्हणलं काकूले देऊन ये. तशीच निघाली... मी हाक मारली. आपल्याकडं कोणाची वाटी रिकामी परत जात नाही, पुण्यात राहून विसरली वाटते. वाटीत गुळाचा खडा टाकला अन् म्हणलं, "आता जा."

पोरगी दारातच उभी. वाटीकडं पाहून राह्यली.

"काहून, कमी वाटते का गूळ? काकू तराजू घेऊन नाही बसली."

"आई... वाटी तीच पाहिजे. पण आत जे होतं तेच कायले पाहिजे?"

असं म्हणली, वाटी माह्याच हातात देली अन् लॅपटॉपजवळ जाऊन बसली. सुमनकडं शेवटी मीच गेली.

मंग तिनं सांगतलं. एक प्रोग्राम मेमरीचा तुकडा दुसऱ्याले वापराले देते अन् परत घेते. तिनं नियम असा मांडला होता, का तो तुकडा जसाच्या तसा परत आला पाहिजे. पण वापरणारा त्यात काईतरी लिहिणारच, त्यासाठीच तं घेतला. म्हणजे इतके दिवस ती जे सिद्ध करून राह्यली होती, ते खरंच नव्हतं. मामंजी नाही म्हणत होते ते बरोबर होतं.

आता लगेच कमेंटमधी लिहू नका का मावशीच्या गुळानं काम झालं. मी बी तेच म्हणून पाह्यलं. ती हसली... "गुळानं एक ओळ बदलली आई. तिच्यावर उभ्या असलेल्या सगळ्या मलेच परत सिद्ध करा लागतीन."

अन् केल्या. जेवणं थंडी झाली, पाठ आखडली, माह्याशी धड बोलली नाही. मी तेल लावून देऊ म्हणलं तं "थांब आई" एवढंच.

एका सकाळी मी दाणे निवडून राह्यली होती, तिनं आत बोलावलं. पडद्यावर लिहून होतं, आता दाखवायचं काईच बाकी नाही. मामंजी मानले.

मंग ती म्हणे, "जाऊ मी?"

"जा. माह्या घरची साखर तं वाचीन."

हसली अन् माह्या मांडीवर डोकं ठेवून पडली. लहान होती तवा बाबाची वाट पाहत पडे, तशी.

तिकीट निघालं आहे. गावात पेढे मीच वाटले. बाया म्हणतात, माय असावी तं अशी, पोरीले अडवलं नाही... मंगरूळपीरहून नणंदेचा फोन आला, ती बी तेच म्हणे. ऐकून ऐकून मले आता ते सहन होत नाही.

म्हणून सांगून टाकते. प्रणिता हे वाचीन, वाचू दे. ती अडकून बसली होती, तेवढे दिवस मी रोज तिच्यापुढं चहा ठेवो अन् मनात म्हणो, हे होऊ नको देऊ देवा.